लोण्याचा हिशेब

आमच्या घरी चार दिवस कोल्हापूरला जायचे ठरले तरी आठवडाभर आधी बॅगा माळ्यावरून खाली येतात. मग त्यांत काय काय जाऊन बसते याला सीमा नाही. विजेरी, सुईदोरा, जायफळाची पूड, ऊन असले तरी छत्री आणि पाऊस असला तरी टोपी! 'असू दे गं, लागलं तर?' हा आमच्या सासूबाईंचा मंत्र. या मंत्राची मी आजवर मनातल्या मनात पुष्कळ थट्टा केली. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका नॉर्वेजियन गृहस्थाच्या प्रवासाची हकीकत वाचीत बसले आणि थट्टा जागच्या जागी विरली. 'लागलं तर?' हा प्रश्न किती कठीण असू शकतो, त्याचे उत्तर शेरा-अदपावात कसे द्यावे लागते, आणि एका जिनसाचे उत्तर चुकले तर सहा माणसांची काय अवस्था होते, हे सारे तीत होते.

हे गृहस्थ म्हणजे फ्रिट्यॉफ नान्सेन. १८८८ साली ते अवघे सव्वीस वर्षांचे होते, बर्गेन येथील संग्रहालयात प्राणिशास्त्राचे अभिरक्षक होते आणि मज्जातंतूंच्या सूक्ष्म रचनेवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होते. असा हा अभ्यासू तरुण ग्रीनलंडचे हिमपठार पायी ओलांडण्याची योजना घेऊन उभा राहिला.

ग्रीनलंड हे नाव मोठे फसवे आहे. आपल्या महाराष्ट्रासारखी सात राज्ये मावतील एवढे ते बेट. पण त्याचा सुमारे ऐंशी टक्के भाग बर्फाने झाकलेला. हा बर्फ काही ठिकाणी तीन किलोमीटरहून जाड आहे. माणसांची वस्ती काय ती किनाऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीवर, आणि तीही मुख्यत्वे पश्चिमेकडे. आत काय आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. बर्फाच्या कड्यांपलीकडे मध्यभागी हिरवीगार भूमी असेल अशी आशा बाळगणारे विद्वानही होते. स्वीडनचे नॉर्डेनशल्ड १८८३ साली पश्चिमेकडून आत शिरले, ते याच आशेने. त्यांना स्वतःला फार पुढे जाता आले नाही. पण त्यांनी आपल्याबरोबरच्या दोघा सामी माणसांना स्कीवर पुढे धाडले. ते दोघे ५७ तासांनी परतले आणि म्हणाले, आम्ही जाऊन-येऊन ४६० किलोमीटर चाललो, सगळीकडे बर्फच बर्फ आहे. शहरातल्या शहाण्यांचा यावर विश्वास बसेना. शेवटी पुढच्या वर्षी स्वीडनमध्ये २२० किलोमीटरची एक शर्यतच लावण्यात आली, आणि त्या दोघांपैकी एकाने ती बावीस तासांच्या आत जिंकून दाखविली. मग शहाणी मंडळी गप्प झाली.

वर्तमानपत्रातली ही हकीकत कानांवर पडली आणि नान्सेन यांच्या मनात विजेसारखा विचार चमकला. आत सपाट बर्फ आहे ना? मग ती स्कीचीच वाट! ज्या देशात मुले चालायला लागली की पायांत लाकडी पट्ट्या बांधतात, त्या देशाच्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

नवल आहे ते पुढच्या विचारात. तोवर जे जे कोणी आत गेले ते बहुतेक पश्चिमेकडून निघाले. ते रीतसर होते. पश्चिमेला वस्ती, तिथे अन्न, तिथे डॅनिश व्यापारी ठाणी. पुढे झेपले नाही तर मागे फिरायला हक्काचे घर. नान्सेन यांनी हे सारे उलटे केले. पूर्वेकडून निघायचे, असे ते म्हणाले. पूर्व किनारा जवळजवळ निर्जन आणि तरंगत्या हिमखंडांनी वेढलेला. तिथे उतरवून जहाज एकदा निघून गेले की मागे काहीच उरणार नाही. जे काही असेल ते पुढे, पश्चिमेला.

प्रथमदर्शनी हा वेडेपणा वाटतो, आणि पुष्कळांना तो तसा वाटलाही. पण जरा कागद-पेन्सिल घेऊन बसा. पश्चिमेकडून निघून पूर्वेला पोहोचलात, तर तिथे तुम्हांला न्यायला जहाज येईलच याची शाश्वती नाही. म्हणजे आलात तसे परत चालत जायला हवे. अंतर दुप्पट, अन्न दुप्पट, आणि ते अन्न ओढायला ताकदही दुप्पट. पूर्वेकडून निघालात तर अंतर एकपट. नान्सेन यांचे म्हणणे असे की, मागे घर असले की माणूस अडचण येताच वळून पाहतो. मागे काही नसले की वळून पाहण्याचा प्रश्नच मिटतो. यातला दुसरा भाग मनाचा आहे, पण पहिला निव्वळ अंकगणिताचा. त्यांच्या धाडसाची वर्णने करणारे लेखक दुसऱ्यावरच भर देतात. माझ्या मते पहिला अधिक महत्त्वाचा.

सरकारकडे त्यांनी पाच हजार क्रोनर मागितले. नकार आला. एका माणसाच्या सहलीसाठी जनतेचा पैसा कशाला, असाही सूर निघाला. बर्गेनच्या एका विनोदी पत्राने तर जाहिरातच छापली. तिचा मथितार्थ असा, की अभिरक्षक नान्सेन हिमपठारावर स्कीचे खेळ करून दाखविणार आहेत, प्रेक्षकांसाठी बर्फाच्या भेगांत राखीव जागा आहेत, आणि परतीचे तिकीट काढण्याची गरज नाही! अखेर पैसे दिले ते कोपनहेगनच्या ऑगस्टीन गामेल नावाच्या एका व्यापाऱ्याने. आपल्या देशाच्या कीर्तीचे बिल दुसऱ्या देशातल्या माणसाने भरायचे, ही गोष्ट आपल्याला तरी नवी वाटू नये.

आता तयारी. इथे या माणसाची खरी बुद्धी दिसते. कुत्री किंवा रेनडिअर ओढायला मिळणे जमले नाही. तेव्हा सगळे ओझे माणसांनीच ओढायचे. साधा हिशेब पाहा. कोरड्या अन्नाला माणशी दिवसाला एक किलो धरले तर सहा माणसांना दोन महिन्यांसाठी ३६० किलो होतात. त्यावर तंबू, झोपायच्या पिशव्या, इंधन, बंदुका, निरीक्षणाची उपकरणे. म्हणजे एखादी वस्तू 'असू दे' म्हणून घेतली, की ती शेकडो किलोमीटर चढावर खांद्याने ओढायची आणि ती ओढण्यासाठी लागणारे अन्नही पुन्हा ओढायचे.

म्हणून प्रत्येक वस्तूचे वजन त्यांनी खरवडून काढले. घसरगाड्या पाच, लांब, अरुंद, अ‍ॅश लाकडाच्या आणि खाली पोलादी पट्ट्या लावलेल्या. त्यांत एकही खिळा नव्हता. सगळे सांधे दोरीने आवळलेले. कारण खिळ्याचा सांधा धक्क्याने फुटतो, दोरीचा लवतो. झोपायला रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच मोठ्या पिशव्या, एकेकीत तीन माणसे. एकमेकांची ऊब एकमेकांना, आणि चार पिशव्यांचे वजन वाचले. तंबूची जमीन अशी केली की वारा पाठीशी असेल तेव्हा तीच शीड म्हणून गाडीवर उभारता यावी. अशी दुहेरी कामाची वस्तू पाहिली की मला आमच्या आजीची नऊवारी आठवते. तिचे पुढे गोधडी, दुपटे आणि शेवटी पायपुसणे होई.

चुलीचा प्रश्न तर फारच मजेचा. चोहोकडे गोठलेले पाणी, आणि प्यायला थेंब नाही! बर्फ वितळवायला इंधन लागते, आणि किती लागते याची आपल्याला सहसा कल्पना नसते. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळवून शून्य अंशाचे पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. म्हणून नान्सेन यांनी स्पिरिटवर चालणारी एक चूल तयार करविली. मधल्या भांड्यात अन्न शिजत असताना निसटणारी आच बाजूच्या आणि वरच्या भांड्यांतून फिरून बर्फ वितळवी. पुढे कित्येक ध्रुवीय मोहिमांनी ही 'नान्सेन चूल' उचलली. वाटेतल्या तहानेसाठी प्रत्येकाच्या छातीशी, कपड्यांच्या आत, पत्र्याची एक चपटी बाटली असे. तीत बर्फ भरायचा आणि अंगच्या उबेने वितळवायचा. घोट-दोन घोट मिळत.

आता माणसे. नान्सेन यांच्याबरोबर तिघे नॉर्वेजियन होते: खलाशी ओटो स्वेर्द्रुप, लष्करातले लेफ्टनंट ओलुफ डिट्रिक्सन आणि तरुण क्रिस्तियान क्रिस्तियानसेन. शिवाय दोन सामी हवेत, असा त्यांचा आग्रह होता. बर्फावर जन्म काढलेली ती माणसे, त्यांना वाटेचा वास येतो. निरोप गेला की तिशी-चाळिशीतले, अविवाहित, धाडसी असे दोघे पाठवा. आले कोण? एक सत्ताविशीचा सामुएल बाल्तो आणि दुसरा ओले रावना, पंचेचाळिशीच्या घरातला, रेनडिअर पाळणारा, घरी बायको आणि पाच मुले. दोघे आले ते पैशासाठी. राजधानीला येताना वाटेत लोकांनी त्यांना सांगितले, तुम्ही काही परत येत नाही. ते घाबरले. पण तोवर परत फिरायला उशीर झाला होता.

इथे मी थोडी अडखळते. 'परतीची वाट नको' हा विचार नान्सेन यांनी स्वतःपुरता केला तेव्हा तो तेजस्वी होता. तिघा नॉर्वेजियनांनीही तो समजून-उमजून पत्करला असेल. पण पाच लेकरांचा बाप असलेल्या रावनाने यात कोणते गणित मांडले होते? योजना आखणारा एकटा आपली आखीत नाही. तो पाच जणांची पाने वाढतो. नान्सेन यांनी पुढे लिहिलेल्या ग्रंथात रावनाची ही स्थिती आणि दोघांची भीती झाकून ठेवलेली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभते. पण त्याने प्रश्न सुटत नाही.

आणि आता लोणी.

उत्तरेकडच्या प्रवासाचे ठरलेले अन्न म्हणजे पेमिकन. मांस वाळवून कुटायचे आणि त्यात चरबी कालवून वड्या पाडायच्या. आपल्या डिंकाच्या लाडवाचा हा मांसाहारी चुलतभाऊ म्हणा. त्यात चरबी असते ती चवीसाठी नव्हे. एक ग्रॅम मांस किंवा साखर चार उष्मांक देते, एक ग्रॅम चरबी नऊ. जिथे ग्रॅमाग्रॅमाला ओढायचे आहे तिथे चरबीइतके स्वस्त अन्न दुसरे नाही. नान्सेन यांनी मांसाची पूड कोपनहेगनहून करवून घेतली. आणि त्या कारखानदाराने ती इतकी स्वच्छ, इतकी शुद्ध करून दिली की तिच्यातली चरबी सगळी काढून टाकली होती! हे ध्यानात आले तेव्हा फार उशीर झाला होता. माणूस महिनोन्‌महिने दोरीच्या गाठींचा विचार करतो आणि डबा उघडून पाहायचे राहते. लग्नघरात हजार माणसांच्या पंगतीला मीठच आणायचे राहून जावे, तसे हे झाले. फरक इतकाच की हिमपठारावर शेजारी नसतो.

निघाल्यापासूनच योजनेने आपले खेळ दाखवायला सुरुवात केली. ओझे ओढायला म्हणून वाटेत एक आइसलंडी तट्टू घेतले होते. किनाऱ्याशी बर्फ इतका, की जहाज आठवडेच्या आठवडे खोळंबले. वैरण संपली आणि त्या गरीब जनावराला जमीन दिसण्यापूर्वीच मारावे लागले. १७ जुलै १८८८ रोजी सहा जण दोन होड्यांतून जहाज सोडून निघाले. किनारा समोर दिसत होता, वीसेक किलोमीटरवर. एका दिवसाचे काम! त्या वीस किलोमीटरला बारा दिवस लागले. एक होडी बर्फाच्या धारेने फाटली. ती दुरुस्त होईपर्यंत प्रवाहाने त्यांना हिमखंडासकट दक्षिणेकडे ओढून नेले, जवळजवळ ३८० किलोमीटर.

एके रात्री त्यांचा हिमखंड उघड्या समुद्राच्या कडेला गेला. लाटा खंडावर फुटत होत्या आणि तो तुकड्यातुकड्याने लहान होत होता. पहाऱ्यावर स्वेर्द्रुप होते. बाकीचे तंबूत झोपलेले. झोपलेल्यांना उठवावे म्हणून ते तंबूशी आले, एक आकडा सोडला, थांबले, पुन्हा समुद्राकडे पाहून आले. पुन्हा आले, आणखी एक आकडा सोडला, पुन्हा थांबले. इतक्यात प्रवाह फिरला आणि खंड आत वळला. सकाळी बाकीच्यांना हे कळले. असा माणूस यादीत लिहून मिळत नाही.

२९ जुलैला ते जमिनीला लागले आणि वाहून गेलेले अंतर वल्ही मारीत पुन्हा उत्तरेकडे कापीत निघाले. उन्हाळा संपत आला होता. १५ ऑगस्टला उमिविक नावाच्या जागेहून चढण सुरू झाली. तिथून उत्तर ध्रुववृत्त अडीचेकशे किलोमीटर वर राहते. पण थंडीला वृत्ते कळत नाहीत. पहिल्याच काही दिवसांत पाऊस आणि वादळाने त्यांना तीन दिवस तंबूत कोंडून ठेवले. बर्फात झाकलेल्या भेगा होत्या; पाय काखेपर्यंत आत जाई. प्रत्येक गाडीवर शंभर किलोच्या आसपास ओझे होते, आणि नान्सेन व स्वेर्द्रुप या दोघांच्या गाडीवर त्याच्या दुप्पट.

ऑगस्टच्या अखेरीस नान्सेन यांनी पुन्हा गणित मांडले. ठरलेले ठिकाण होते क्रिस्तियान्सहोब, वायव्येला, सुमारे सहाशे किलोमीटरवर. तिथून शेवटचे जहाज सप्टेंबरच्या मध्याला सुटणार. ते गाठणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी रोख सरळ पश्चिमेकडे वळविला, गोदथोब या गावाकडे. वाट दीडेकशे किलोमीटरने कमी झाली. वर्षानुवर्षे उराशी बाळगलेली योजना एका दुपारी बदलायची, आणि तीही चिडचिड न करता, हे मला पूर्वेकडून निघण्याच्या धाडसाइतकेच मोठे वाटते. घरी आम्ही आरक्षण केलेली गाडी चुकली तर दोन दिवस एकमेकांशी बोलत नाही.

पुढचे आठवडे म्हणजे चढ, आणि वाळूसारखा कोरडा बर्फ. त्यावर घसरगाडी घसरतच नाही. सप्टेंबरच्या पूर्वार्धात त्यांनी २,७१९ मीटरची उंची गाठली. रात्री तंबूत पारा शून्याखाली चाळीसच्याही खाली उतरे. पोट भरलेले असे, पण भूक जात नसे. चरबीची भूक ही वेगळीच असते. जेवून उठल्यावरही शरीर कशाची तरी वाट पाहत राहते. लोणी होते, पण माणशी आठवड्याला अर्धा पौंड. ते ज्याच्या त्याच्या हवाली करीत. कोणी रोज बोटाच्या टोकाएवढे खाऊन पुरवी. क्रिस्तियानसेन मात्र आठवड्याचे लोणी पहिल्याच दिवशी संपवी आणि पुढचे सहा दिवस इतरांच्या हातांकडे पाही. शहाणे स्वेर्द्रुपदेखील एकदा विचारते झाले, की बुटांना लावायचे तेल खाल्ले तर चालेल का? संस्कृतात तेला-तुपाला आणि मायेला एकच शब्द आहे, 'स्नेह'. वर्गात हा श्लेष मी दरवर्षी मुलांना सांगते. त्यांना तो कोटीपेक्षा अधिक काही वाटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटत नसे.

मग उतार लागला, वारा पाठीशी आला, आणि तंबूची जमीन शीड होऊन फडफडली. १९ सप्टेंबरला घसरगाड्या होड्यांसारख्या धावू लागल्या. पश्चिमेची जमीन प्रथम दिसली ती बाल्तोला. त्याने आरोळी ठोकली. त्याच संध्याकाळी अंधारात शिडाची गाडी एका प्रचंड भेगेच्या तोंडाशी येऊन थांबली. दोन दिवसांनी वाहते पाणी सापडले. सहाही जण पालथे पडून प्यायले.

बर्फ उतरून ते फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, तोंडाशी आले. गाव पुढे, आणि होडी नाही. स्वेर्द्रुप यांनी विलोच्या वाकड्या फांद्यांचा सांगाडा बांधला, त्यावर तंबूचे कापड शिवले आणि कासवासारखी एक होडी केली. ती गळे, सारखे पाणी उपसावे लागे. २९ सप्टेंबरला नान्सेन आणि स्वेर्द्रुप तीत बसून निघाले आणि ३ ऑक्टोबर १८८८ रोजी गोदथोबला लागले. उमिविकपासून ४९ दिवस. हेच गाव आज नूक या नावाने ग्रीनलंडची राजधानी आहे. समोर आलेल्या डॅनिश अधिकाऱ्याने नाव विचारले आणि पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपले अभिनंदन, आपल्याला डॉक्टरेट मिळाली! परीक्षक मंडळींना हे वाचून फार बरे वाटेल.

मागे राहिलेल्या चौघांकडे अन्न आणि होड्या धाडण्यात आल्या. १२ ऑक्टोबरला तेही सुखरूप पोहोचले, रावनाही. शेवटचे जहाज मात्र हुकले. नान्सेन यांची पत्रे घेऊन कयाकवाले दक्षिणेकडे सुमारे पाचशे किलोमीटर गेले आणि जहाज सुटण्यापूर्वी त्यांनी ते गाठले, म्हणून सहाही जण जिवंत आहेत हे त्या वर्षी नॉर्वेत कळले. त्या पाच मुलांना ही बातमी कधी पोहोचली असेल, याचा मी पुष्कळ वेळा विचार करते. मंडळी हिवाळाभर ग्रीनलंडच्या माणसांत राहिली, कयाक वल्हवायला शिकली, आणि ३० मे १८८९ रोजी राजधानीत त्यांचे स्वागत झाले तेव्हा किनाऱ्यावर हजारो माणसे उभी होती. त्यांत परतीच्या तिकिटाची थट्टा करणारेही असतील.

बाल्तो पुढे अलास्कात जाऊन राहिला. तिथे १९२५ साली घटसर्पाचे प्रतिविष घेऊन नोम गावात शिरलेल्या कुत्र्यांच्या ताफ्याच्या पुढाऱ्याचे नाव बाल्तो होते. ते या सामुएल बाल्तोवरून ठेवलेले.

आता हिमपठार ओलांडायचे तर ग्रीनलंड सरकारची परवानगी लागते, सुटकेच्या खर्चाचा विमा लागतो, उपग्रहाशी बोलणारा फोन लागतो. परतीची वाट आकाशातून उपलब्ध आहे. पण त्या परवान्यासाठी अर्ज करणारे तरुण आजही रात्री-रात्री बसून दिवसाला माणशी किती तेल, किती लोणी, किती चॉकलेट याचे तक्ते करतात. आणि डबे उघडूनही पाहत असतील.

नान्सेन यांनी तरी पुढे पाहिले. १८९५ साली ते 'फ्राम' जहाज सोडून, यालमार योहानसेन या एकाच सोबत्यासह, उत्तर ध्रुवाकडे निघाले. या वेळी गाड्या ओढायला कुत्री होती, मांसाच्या पुडीत चरबी होती, आणि शिध्यात लोणी वेगळे, भरपूर बांधून घेतले होते.